राजर्षी शाहू महाराज आणि करवीर राज्यातील जमीन, पाणी व वने

राजर्षी शाहू महाराज (२६ जून १८७४ – ६ मे १९२२) हे कोल्हापूर अर्थात करवीर संस्थानाचे छत्रपती होते. १८९४ ते १९२२ या अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी केलेल्या सामाजिक सुधारणा सर्वपरिचित आहेत. मागासवर्गीयांसाठी राखीव जागा, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, सर्व जातींसाठी वसतिगृहे आणि अस्पृश्यतेविरुद्धचे आदेश या कार्यामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेरही आदराने घेतले जाते. त्यांच्या राज्यकारभाराची दुसरी बाजू त्या मानाने कमी लिहिली गेली आहे. जमीन कोणाच्या नावावर असावी, पाणी कोठे अडवावे आणि डोंगरावरचे रान कशासाठी राखावे, याविषयी त्यांनी घेतलेल्या निर्णयांमुळे आजच्या कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा बराचसा घडला आहे. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून या प्रदेशातील भूमी-उपयोगाचा व वनाच्छादनाचा अभ्यास होऊ लागल्यापासून या बाजूकडे नव्याने पाहिले जात आहे. प्रस्तुत लेखात महाराजांचे चरित्र प्रामुख्याने याच अंगाने दिले आहे.

जन्म, दत्तकविधान व शिक्षण

शाहू महाराजांचे मूळ नाव यशवंतराव. कागलच्या थोरल्या पातीचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे वडील, तर मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई या त्यांच्या मातोश्री. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना राधाबाईंचे निधन झाले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी जयसिंगरावही वारले.

राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. फ्रेझर यांच्या शिक्षणक्रमात पुस्तकांइतकेच प्रवासाला महत्त्व होते. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी ते वीस वर्षांचेही नव्हते.

हाती आलेला मुलूख

महाराजांचे निर्णय समजून घेण्यासाठी या मुलखाची ठेवण लक्षात घेणे आवश्यक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, गगनबावडा व दाजीपूरच्या बाजूला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे शिरोळच्या दिशेने निघाले, तर शंभर किलोमीटरच्या आतच पावसाचे प्रमाण जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या व गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून वाहतात, मात्र धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत डबकी तेवढी उरत. घाटमाथ्यावर सदाहरित व निमसदाहरित रान, जांभ्या दगडाचे उघडे सडे, उतारांवर नाचणी-वरीची कुमरी शेती, मध्ये भाताची खाचरे आणि पूर्वेला ज्वारीचे जिरायत माळ असा हा पट्टा होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरील चोविसावा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला. महाराजांच्या राज्यारोहणापूर्वीच्या स्थितीचा तो सर्वांत उपयुक्त आधार होय.

सगळे डोंगर छत्रपतींच्या थेट अमलाखाली होते असे नाही. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी इत्यादी जहागिऱ्यांचे क्षेत्र स्वतंत्र होते आणि त्यांतील काहींकडे घाटमाथ्याचे मोठे रान होते. संस्थानाच्या वनांविषयी ढोबळ विधाने करताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

दुष्काळ आणि पाटबंधाऱ्यांचे धोरण

गादीवर येऊन तीन वर्षेही झाली नव्हती तोच १८९६–९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आला आणि १८९९–१९०० मध्ये पुन्हा अवर्षण झाले. महाराजांनी स्वतः गावोगाव फिरून पाहणी केली. स्वस्त धान्याची दुकाने, तगाई, रस्ते व तलावांची कामे, जनावरांसाठी चारा व छावण्या अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. धान्य बाहेरून आणता येते, पण जनावर मेले की शेतकरी पुढच्या हंगामालाही मुकतो, हे त्यांनी ओळखले होते. स्वतः शेतकऱ्यांत, पैलवानांत आणि गुराख्यांत वावरणारा हा राजा असल्यामुळे ही जाण त्याला अहवालांतून घ्यावी लागली नाही.

दुष्काळाच्या या अनुभवातून १९०२ साली संस्थानाचे स्वतंत्र पाटबंधारे धोरण जाहीर झाले. गावोगावच्या विहिरी व तलावांची पाहणी, जुन्यांची दुरुस्ती आणि नव्या साठ्यांसाठी जागांचा शोध ही कामे त्यात होती. याच वर्षी महाराज सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानाच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश निघाला. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली तीही याच वर्षी.

राधानगरी

सर्वांत मोठे काम अर्थातच राधानगरीचे. भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ, दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, धरण बांधण्याची योजना १९०७ च्या सुमारास हाती घेण्यात आली. १९०८ साली महाराजांची कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांचा देवासच्या तुकोजीराव पवार यांच्याशी विवाह झाला. नव्याने वसवलेल्या पेठेला राधानगरी हे नाव या कन्येवरून, तर जलाशयाला लक्ष्मी तलाव हे नाव महाराणी लक्ष्मीबाईंवरून मिळाले. १९०९ मध्ये बांधकाम सुरू झाले. मुख्य भिंत दगडी होती, खोरे दुर्गम होते आणि वर्षातील चार-पाच महिने पावसामुळे काम बंद ठेवावे लागे.

मध्यम उत्पन्नाच्या एका संस्थानाला हा खर्च झेपणारा नव्हता. त्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१८ पर्यंत भिंत सुमारे चाळीस फुटांपर्यंत आली आणि काम थांबले. महाराजांना आपले हे स्वप्न पूर्ण झालेले पाहता आले नाही. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा हाती घेण्यात आले आणि संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर, १९५० च्या दशकात, धरण पूर्ण झाले. आज त्याची साठवणक्षमता सुमारे ८.३६ अब्ज घनफूट आहे. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पावसाळ्यात दरवर्षी बातमीचा विषय होतात.

धरणाने खालच्या खोऱ्याचा भूमी-उपयोग बदलून टाकला. उन्हाळ्यात सोडलेले पाणी नदीपात्रात ठिकठिकाणी अडवण्यासाठी दगडी खांबांमध्ये बरगे घालण्याची पद्धत येथे रूढ झाली. आज राज्यभर तिला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. पाण्याबरोबर ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली आणि पुढे साखर कारखाने उभे राहिले. गुळाच्या व्यापारासाठी महाराजांनी १८९५ मध्येच शाहूपुरी ही पेठ वसवली होती. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झालेली असल्याने माल बाहेर पाठवण्याची सोय होती. वडिलांच्या नावाने जयसिंगपूर ही दुसरी पेठ वसली, तीही रेल्वेच्याच काठी. पन्हाळा व भुदरगडच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही त्यांनी करून पाहिले. मात्र या मुलखाने स्वीकारला तो ऊसच.

धरणाखाली गेलेल्या जमिनीची नोंद चरित्रग्रंथांतून क्वचितच येते. लक्ष्मी तलावाच्या तळाशी खोऱ्यातील सुपीक भातजमीन होती आणि ती कसणारी माणसे होती. लाभक्षेत्राचा गौरव करताना हा भाग वगळणे योग्य नव्हे.

शिकार आणि राखीव रान

महाराज निष्णात शिकारी होते. दाजीपूरचे दाट रान गव्यांसाठी, तर रायबागच्या बाजूचे मोकळे माळ हरणांसाठी प्रसिद्ध होते. माळावर पाळीव चित्त्यांकरवी होणारी शिकार हे कोल्हापूर दरबाराचे वैशिष्ट्य मानले जाई. रानाचे बारकावे जाणणाऱ्या फासेपारधी समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसलेला असताना महाराजांनी त्यांना जवळ केले, कामे दिली आणि वस्ती करून राहण्यास जागा दिली. शिकारीनेच त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा आघातही दिला. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू झाला.

शाहू महाराजांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवण्याचा मोह अलीकडच्या लेखनात दिसतो. तो टाळलेला बरा. दाजीपूरचे रान राखले गेले ते मुख्यतः दरबाराच्या शिकारीसाठी, आणि राखीव रान म्हटले की लाकूडफाटा, चराई व कुमरीवरील निर्बंध आलेच. त्याची झळ डोंगरातल्या धनगरवाड्यांना व शेतकऱ्यांना लागली. परंतु हेही तितकेच खरे की शिकारीचे राखीव रान आणि धरणाचे पाणलोट क्षेत्र एकाच ठिकाणी आल्यामुळे या रानाला दुहेरी संरक्षण मिळाले. जहागिरीतील व खाजगी मालकीच्या डोंगरांना ते मिळाले नाही. महाराष्ट्रात खाजगी वने संपादन करण्याचा कायदा १९७५ साली आला, तोपर्यंत अशा अनेक डोंगरांवरची झाडे कोळशासाठी व इमारती लाकडासाठी गेलेली होती.

१९५८ मध्ये हे क्षेत्र दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते ३५१.१६ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना व चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचाही समावेश झाला.

जमिनीची मालकी : वतनांविषयीचे निर्णय

भूमी-उपयोगाइतकाच भूमीच्या मालकीचा प्रश्न महाराजांनी हाताळला. १८९९ नंतर उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणात राजोपाध्यांनी छत्रपतींचे धार्मिक विधी वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार दिला. अखेरीस त्यांच्या इनाम जमिनी खालसा करण्यात आल्या. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बरखास्त करून गावचे दप्तर पगारी तलाठ्यांकडे सोपवण्यात आले. शेताची नोंद कोणाच्या हातात आहे यावर शेत कोणाचे हे पुष्कळदा ठरते. या दृष्टीने हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा होता, आणि वतनदारांनी त्याला जोरदार विरोधही केला.

त्याच वर्षी महार वतनाची पद्धत मोडण्यात आली. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात साऱ्या महारवाड्याने गावाची व सरकारची कामे पिढ्यान्‌पिढ्या करायची, अशी ती पद्धत होती. महाराजांनी या जमिनी महार कुटुंबांच्या नावे रयताव्याने करून दिल्या आणि सेवेचे बंधन काढून टाकले. वेठबिगार बंद करणारे आदेशही १९१८ ते १९२० च्या दरम्यान निघाले. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले. त्याआधी वर्षभर, १९१९ मध्ये, कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी देण्यात आली होती.

मुलखाचे उपग्रहीय चित्र

पृथ्वीच्या जमिनीचे नियमित निरीक्षण करणारा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आला. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पन्नास वर्षांनी. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेला. साहजिकच १९०८ साली दाजीपूरचे रान किती दाट होते हे कोणतीही उपग्रह प्रतिमा सांगू शकत नाही. त्यासाठी गॅझेटियर, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि संस्थानाचे दप्तर यांकडेच वळावे लागते. १९७२ पासूनचा बदल मात्र बऱ्याच नेमकेपणाने मोजता येतो.

या मोजणीचे तत्त्व साधे आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पाणी अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण शोषते, उघडी जमीन दोन्ही प्रकारचे किरण थोडेफार परत पाठवते. या दोन किरणांच्या नोंदींतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. निकट-अवरक्त किरणांना लाल रंग देऊन तयार केलेल्या प्रतिमेत राधानगरी परिसर पाहिला, तर लक्ष्मी तलाव डोंगरांच्या घड्यांत शिरलेल्या काळ्या बोटांसारखा दिसतो. त्याच्या भोवतीचे सदाहरित रान गडद लाल, जांभ्याचे सडे फिकट करडे, आणि पूर्वेकडे नदीकाठाने पसरलेला ऊस भडक लाल दिसतो. दक्षिणेला दूधगंगेवरील काळम्मावाडीचा जलाशय तशीच काळी आकृती दाखवतो.

येथेच नवख्या अभ्यासकाची फसगत होते. भरात असलेल्या उसाचा निर्देशांक रानाच्या बरोबरीचा, कधी अधिकही भरतो. एकाच तारखेच्या प्रतिमेवरून वर्गीकरण केले तर बारमाही बागायत आणि जंगल यांची सरमिसळ होऊ शकते. ऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या गळीत हंगामात तुटतो व शेत उघडे पडते, पानझडीचे रान फेब्रुवारीपासून निष्पर्ण होत जाते, सदाहरित रान मात्र बारा महिने तसेच राहते. म्हणून वर्षभरातील अनेक प्रतिमांची मालिका घ्यावी लागते आणि दोन वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना महिना तोच ठेवावा लागतो. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या प्रतिमा निरुपयोगी ठरतात. तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांचा आधार घेतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या खोऱ्यातील पाण्याचा विस्तार अशाच प्रतिमांवरून आखण्यात आला. प्रतिमेचा सूक्ष्मपणाही पाहावा लागतो. १९७२ च्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवर सुमारे ऐंशी मीटरचा होता. पुढे तो तीस मीटरवर आला आणि २०१५ नंतरच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांत दहा मीटरचा झाला. जुन्या प्रतिमेत न दिसणारी लहान देवराई नव्या प्रतिमेत दिसली, तर ती नव्याने वाढली असे म्हणता येत नाही.

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढते. त्यात झाडांच्या छत्राने झाकलेले क्षेत्र सत्तर टक्क्यांहून अधिक असेल तर अतिदाट, चाळीस ते सत्तर टक्के असेल तर मध्यम दाट आणि दहा ते चाळीस टक्के असेल तर विरळ वन असे गट केले जातात. एक हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्के छत्र असले की ते वनाच्छादनात मोजतात, मग जमीन कोणाची का असेना आणि झाडे आंबा-काजूची का असेनात. त्यामुळे आकडा स्थिर राहूनही मूळचे रान कमी झालेले असू शकते. याच्या उलट अडचण माळांची आहे. महाराजांच्या काळी हरणांनी गजबजलेले गवताळ माळ आणि पावसाळ्यात रानफुलांनी भरून जाणारे सडे नकाशांत पुष्कळदा पडीक जमीन म्हणून नोंदले जातात, आणि पडीक म्हटले की खाणीला वा कारखान्याला जागा देताना कोणी फारसे हरकत घेत नाही. कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवरील बॉक्साइटच्या खाणींच्या वादात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

पश्चिम घाटाविषयीच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात उपग्रह प्रतिमांच्या आधारेच नैसर्गिक व मानवनिर्मित भूदृश्ये वेगळी केली आणि घाटाचे सुमारे सदतीस टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावे असे सुचवले. त्याआधी २०११ मध्ये आलेल्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाने अधिक व्यापक संरक्षणाबरोबर ग्रामसभांच्या सहभागाचा आग्रह धरला होता. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड या तालुक्यांतील गावांत दोन्ही अहवालांवर चर्चा व विरोध झाला. प्रतिमेत गावाची हद्द दिसते, पण तेथील शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर काय लिहिले आहे ते दिसत नाही. १९१८ साली रयताव्याने नावावर झालेली जमीन आणि शेजारची जुनी जहागिरीची जमीन उपग्रहाला सारखीच हिरवी दिसते.

अखेरची वर्षे

राजपुत्राच्या मृत्यूनंतर महाराजांची प्रकृती खालावत गेली. मधुमेह व हृदयविकार यांनी ते त्रस्त होते, तरी दौरे व परिषदा चालूच राहिल्या. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉज या बंगल्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण नव्हते. त्यांच्यामागे थोरले पुत्र राजाराम महाराज गादीवर आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. राधानगरीला त्या सुमारास पाऊस जोर धरू लागलेला असतो आणि लक्ष्मी तलावाची पातळी रोज नोंदवली जाते.